महागड्या पेट्रोलने ॲव्हरेज वाढते का?



लासलगावच्या बाजार समितीत सकाळचा कांद्याचा लिलाव सुरू झाला की गावातले पेट्रोल पंपही गजबजून जातात. ट्रॅक्टर आणि पिकअप डिझेलच्या रांगेत, तर मोटारसायकली पेट्रोलच्या रांगेत उभ्या राहतात. पेट्रोल भरणारा विचारतो, "साधं टाकू का पॉवर?" पॉवर म्हणजे लिटरमागे काही रुपये जास्त घेणारे प्रीमियम पेट्रोल.

आमच्या अकरावीच्या वर्गात एका मुलाने मला हाच प्रश्न विचारला. त्याचे वडील रोज मोटारसायकलवर मळ्यातून बाजारात येतात. दोन महिन्यांपासून ते प्रीमियम पेट्रोल भरत होते. "सर, पूर्वी गाडी ४८ चं ॲव्हरेज द्यायची, आता ५२ देते. म्हणजे महाग पेट्रोल शेवटी स्वस्तच पडलं ना?"

प्रश्न साधा आहे. पण ज्या घरात कांद्याचा भाव पडला की महिन्याचा हिशेब कोलमडतो, त्या घरात तो लहान नाही. आपण तो पदार्थविज्ञानाच्या साहाय्याने सोडवून पाहू.

सायकलचा पंप आणि इंजिन

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, हे तुम्ही अनुभवले असेल. वायू झटकन दाबला की त्याचे तापमान वाढते. मोटारसायकलच्या इंजिनातही हेच घडते. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण येते. दट्ट्या वर सरकतो आणि ते मिश्रण दाबतो. मूळचे आकारमान दाबल्यानंतरच्या आकारमानाच्या जितके पट असते, त्या संख्येला संपीडन गुणोत्तर म्हणतात. आपल्याकडच्या रोजच्या वापरातील मोटारसायकलींत ते साधारण १० च्या आसपास असते.

२७ अंश सेल्सिअसची, म्हणजे ३०० केल्विनची हवा झटकन एकदशांश आकारमानात दाबली आणि उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर तिचे तापमान सुमारे ७५० केल्विन होते. म्हणजे जवळजवळ ४८० अंश सेल्सिअस! प्रत्यक्ष इंजिनात ते काहीसे कमी भरते, पण ठिणगी पडण्याआधीच मिश्रण किती तापलेले असते याची यावरून कल्पना येईल.

इतके दाबायचे कशासाठी? कारण मिश्रण जितके जास्त दाबून पेटवावे, तितका उष्णतेचा मोठा भाग कामात बदलतो. आदर्श इंजिनाचे गणित मांडले तर गुणोत्तर ८ असताना कार्यक्षमता सुमारे ५६ टक्के, १० असताना ६० टक्के आणि १२ असताना ६३ टक्के येते. खऱ्या इंजिनात घर्षण आणि उष्णतेची गळती यांमुळे याच्या निम्म्याच्या आसपासच पदरात पडते; पण गुणोत्तर वाढले की कार्यक्षमता वाढते, हा नियम तिथेही लागू आहे.

तुम्ही म्हणाल, मग गुणोत्तर २० किंवा २५ का करत नाहीत? इथेच पेट्रोलचा स्वभाव आडवा येतो.

गंजीची दोन टोके

कडब्याची गंजी एका टोकाला पेटली तर आग क्रमाक्रमाने दुसऱ्या टोकाकडे सरकते. सिलिंडरमध्येही असेच व्हायला हवे. ठिणगीपाशी ज्योत निर्माण व्हावी आणि ती शिस्तीत पसरत जावी. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर दट्ट्याला वरून खाली यायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. ज्वलन त्याहूनही कमी वेळात उरकावे लागते.

पण ज्योत पसरत असताना पुढचे न जळलेले मिश्रण आणखी दाबले जाते आणि आणखी तापते. ते फार तापले, तर ज्योत पोचण्याआधीच एकदम पेट घेते. जणू गंजीचे दुसरे टोक आपोआप भडकले! दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि धातूवर हातोडी मारल्यासारखा टकटक आवाज येतो. मेस्त्री याला 'नॉकिंग' म्हणतात. यात शक्ती वाया जाते आणि नॉकिंग फार काळ चालले तर दट्ट्याला इजा होते.

काही इंधने लवकर भडकतात, काही दम धरतात. हा दम मोजण्यासाठी १९२० च्या दशकात एक मोजपट्टी तयार झाली. आयसोऑक्टेन हा पदार्थ नॉकिंगला चांगला विरोध करतो; त्याला १०० गुण दिले. साधे हेप्टेन लगेच नॉक करते, त्याला शून्य. एखादे पेट्रोल ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतका विरोध करत असेल तर त्याचा ऑक्टेन अंक ९१.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. शून्य गुणांचे हेप्टेन आणि शंभर गुणांचे आयसोऑक्टेन यांचा प्रत्येकी एक किलोग्रॅम जाळला, तर दोन्हींतून जवळजवळ सारखीच, सुमारे ४४ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. म्हणजे ऑक्टेन अंक हा ताकदीचा आकडा नव्हे. तो सहनशक्तीचा आकडा आहे.

हा अंक वाढवण्यासाठी माणसाने मोठी किंमतही मोजली आहे. १९२१ मध्ये अमेरिकेत टॉमस मिजली यांना आढळले की शिशाचे एक संयुग थोडेसे मिसळले की नॉकिंग थांबते. पुढे अनेक दशके जगभरच्या मोटारी धुराबरोबर विषारी शिसे ओकत राहिल्या. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली.

मग फायदा कोणाला?

जास्त ऑक्टेनचे पेट्रोल जास्त दाब सहन करते. त्याचा उपयोग करून इंजिन बनवणारा संपीडन गुणोत्तर वाढवू शकतो आणि त्या इंजिनाचे ॲव्हरेज खरोखर सुधारते. पण हा फायदा कारखान्यात इंजिन बनते तेव्हाच ठरतो. पंपावर पेट्रोल बदलल्याने सिलिंडरचे माप बदलत नाही! ज्या इंजिनात ९१ ऑक्टेनवर नॉकिंग होतच नाही, त्यात ९५ किंवा १०० चे पेट्रोल घातले तरी ते पूर्वीइतकेच दाबले जाणार आणि पूर्वीइतकेच काम करणार.

अपवाद आहे तो उच्च संपीडनाच्या किंवा टर्बो बसवलेल्या इंजिनांचा. अशा अनेक मोटारींत नॉकिंग 'ऐकणारा' एक संवेदक असतो. कमी ऑक्टेनचे पेट्रोल मिळाले की तो इंजिनाच्या संगणकाला कळवतो आणि संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. इंजिन वाचते, पण कार्यक्षमता घटते. अशा गाडीला योग्य पेट्रोल मिळाले की घटलेले ॲव्हरेज परत येते.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन या संस्थेने हे तपासून पाहिले आहे. २०१६ च्या चाचण्यांत साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या मोटारींना प्रीमियमचा म्हणण्यासारखा लाभ दिसला नाही. २०१७ मध्ये, प्रीमियम वापरण्याची शिफारस असलेल्या मोटारी घेतल्या, तेव्हा ॲव्हरेज सरासरीने २.७ टक्के सुधारले.

प्रीमियम पेट्रोलात इंधनमार्ग स्वच्छ ठेवणारी द्रव्येही मिसळलेली असतात. ती निरुपयोगी नव्हेत. पण स्वच्छतेमुळे इंजिन फार तर आपल्या मूळच्या ॲव्हरेजला परत येईल. त्याच्या पुढे जाणार नाही.

आपल्या टाकीतले इथेनॉल

आपल्या पंपावरचे पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. मुंबईहून तेलवाहिनीने पेट्रोल मनमाडजवळच्या पानेवाडीला येते, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. अशा साठ्याच्या ठिकाणी त्यात इथेनॉल मिसळतात. हे इथेनॉल उसाच्या रसापासून व मळीपासून, तसेच मक्यासारख्या धान्यापासून बनते. २०२५ मध्ये देशात हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचले.

इथेनॉलचा ऑक्टेन अंक शंभराहून अधिक आहे. त्यामुळे पूर्वी ९१ असलेला साध्या पेट्रोलचा अंक आता ९५ पर्यंत गेल्याचे पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितले. म्हणजे ९५ ऑक्टेनसाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण आणखी कमी झाले.

पण याची दुसरी बाजू पाहा. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. आता हिशेब करा. ८०० मिलिलिटर पेट्रोलचे २५.६ आणि २०० मिलिलिटर इथेनॉलचे ४.२, मिळून २९.८ मेगाज्यूल. शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्के कमी! ऑक्टेन वाढला, ऊर्जा मात्र घटली. दोन्ही आकडे वेगळे आहेत याचा याहून चांगला पुरावा कोणता? नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही, इंजिनाच्या रचनेनुसार, दुचाकींच्या ॲव्हरेजमध्ये ३ ते ४ टक्के आणि जुन्या रचनेच्या मोटारींत ६ ते ७ टक्के घट होईल असा अंदाज दिला होता.

रुपयांचे गणित

समजा, साधे पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे आणि प्रीमियम ११३ रुपये. जादा ८ रुपये भरून यायचे असतील तर ॲव्हरेज ७.६ टक्क्यांनी वाढले पाहिजे. ५० किलोमीटरच्या जागी जवळजवळ ५४ किलोमीटर! ते वाढले नाही, तर महिन्याला २५ लिटर वापरणाऱ्या घराचे २०० रुपये, म्हणजे वर्षाचे २४०० रुपये, उगाच जातात.

करून पाहा

मग त्या मुलाच्या वडिलांना ४८ चे ५२ कसे मिळाले? हे प्रयोगानेच ठरवायला हवे. गाडी मात्र तुम्ही चालवायची नाही. घरातल्या परवानाधारक मोठ्यांनी चालवावी. तुम्ही वही सांभाळावी.

१. टाकी प्रत्येक वेळी एकाच पंपावर, एकाच खुणेपर्यंत भरा. गाडी सपाट जागी उभी असावी.

२. प्रत्येक खेपेला निदान २०० किलोमीटर होऊ द्या. ४ लिटरच्या भरण्यात १०० मिलिलिटरची चूक झाली तरी ५० चे ॲव्हरेज ४८.८ ते ५१.३ असे कुठेही दिसू शकते. एकाच लिटरवर मोजले तर ती चूक दहा टक्क्यांवर जाते.

३. आधी साधे, मग प्रीमियम, पुन्हा साधे, पुन्हा प्रीमियम असा क्रम ठेवा. एकाच फेरीवर निष्कर्ष काढू नका.

४. रस्ता, चालवणारा, ओझे आणि चाकातली हवा शक्यतो सारखी ठेवा.

५. जमल्यास कोणते पेट्रोल भरले ते चालवणाऱ्याला सांगू नका. महाग पेट्रोल घातले या समजुतीने माणूस नकळत जपून गाडी चालवतो. ताशी ६० ऐवजी ८० च्या वेगाने गेल्यास हवेचा विरोध सुमारे पावणेदोन पट होतो. तेव्हा हाताच्या मुठीतला फरक पेट्रोलच्या फरकाहून मोठा ठरू शकतो.

त्या मुलाने वही घातली. पहिल्याच पानावर त्याने वडिलांना विचारून गाडीचा मागचा इतिहास लिहिला, आणि उत्तराचा धागा तिथेच सापडला. ज्या आठवड्यात प्रीमियम पेट्रोल सुरू झाले, त्याच आठवड्यात गाडीची सर्व्हिसिंग झाली होती. एअर फिल्टर बदलला होता, साखळीला तेल दिले होते, चाकांत हवा भरली होती. श्रेय मात्र सगळे पेट्रोलला मिळाले होते!

दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या की परिणाम कोणाचा हे सांगता येत नाही. प्रयोगशाळेत आपण हे शिकतो, पंपावर विसरतो. तुमच्या घरच्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत किती ऑक्टेनचे पेट्रोल वापरावे ते छापलेले असते. आज घरी गेल्यावर ते पान उघडून पाहा. तिथे लिहिले आहे त्याहून जास्त ऑक्टेनसाठी पैसे मोजण्यापूर्वी चाकातली हवा तपासा.