ड्यूक ऑफ ग्लॉस्टर : एका इंजिनाचा जीर्णोद्धार

८ ऑक्टोबर १९५२ रोजी सकाळी लंडनच्या वायव्येस असलेल्या हॅरो अँड वील्डस्टोन या स्थानकात तीन गाड्या एकमेकींवर आदळून ११२ माणसे प्राणास मुकली. त्या भीषण अपघातात जी इंजिने दुरुस्तीपलीकडे गेली, त्यांत ‘प्रिन्सेस ॲन’ हे अवघ्या दोन महिन्यांपूर्वी नव्या रूपात रुळांवर आलेले एक बलाढ्य एक्स्प्रेस इंजिनही होते. त्याची जागा भरून काढणे प्राप्तच होते. आणि ब्रिटिश रेल्वेच्या यांत्रिक विभागाचे सूत्रधार रॉबर्ट रिडल्स यांनी, जड प्रवासी गाड्यांसाठी सर्वस्वी नव्या आराखड्याचे इंजिन बांधण्याची जी मंजुरी त्यांना तोवर मिळत नव्हती, ती या निमित्ताने पदरात पाडून घेतली. क्रू येथील कारखान्यातून १९५४ साली बाहेर पडलेल्या या इंजिनाला ७१००० हा क्रमांक आणि ‘ड्यूक ऑफ ग्लॉस्टर’ हे नाव देण्यात आले. रिडल्स यांच्या कारकिर्दीत आखलेल्या प्रमाणित इंजिनांचे बारा वर्ग होते आणि त्या सर्वांची मिळून संख्या ९९९ भरली; परंतु त्यांतल्या प्रवासी इंजिनांच्या सर्वोच्च शक्तीच्या वर्गात हे एकच इंजिन जन्मास आले आणि त्याला भावंड असे कधी लाभलेच नाही.

त्याचे वैशिष्ट्य होते ते वाफ आत घेण्याच्या आणि बाहेर सोडण्याच्या व्यवस्थेत. सर्वसाधारण इंजिनात प्रत्येक सिलिंडरापाशी पुढेमागे सरकणारी एकच झडप ही दोन्ही कामे करते, आणि त्यामुळे एका कामाची वेळ बदलली की दुसऱ्याचीही बदलते. आर्तुरो काप्रोत्ती या इटालियन अभियंत्याने मोटारींच्या इंजिनांवरून बोध घेऊन, फिरत्या दांड्यावरील उंचवट्यांनी उघडणाऱ्या स्वतंत्र झडपांची जी पद्धती बसवली, तिच्यात वाफेचा प्रवेश आणि तिचे निर्गमन यांची वेळ वेगवेगळी राखता येते आणि वाफेच्या प्रसरणाचा लाभ अधिक पदरात पडतो. तीन सिलिंडर, चौरस इंचास २५० पौंड दाब सहन करणारा बॉयलर आणि ही काप्रोत्ती पद्धती, असा त्रिवेणी संगम या इंजिनात साधला होता. स्विंडनच्या चाचणीघरात त्याची परीक्षा झाली तेव्हा त्याच्या सिलिंडरांनी वाफेचा जो उपयोग करून दाखवला, तो उत्कृष्ट ठरला.

तरीही प्रत्यक्ष चाकरीत ते अपेशी निघाले. जड गाडी ओढताना त्याला वाफ पुरेना, कोळसा मात्र बेसुमार लागे. फायरमन घाम गाळी आणि दाबाचा काटा उतरत जाई. ज्या ड्रायव्हरांच्या हाती ते दिले जाई, त्यांना ते नकोसे वाटू लागले. वाफ कसून वापरणारे सिलिंडर आणि पुरेशी वाफ न देणारा बॉयलर ही विसंगती कागदावर नोंदली गेली होती. तिची मीमांसा करण्याजोगी माणसे आणि उपकरणेही खात्याच्या दिमतीस होती. परंतु १९५५ साली रेल्वेच्या आधुनिकीकरणाची योजना जाहीर झाली, डिझेल आणि वीज यांची द्वाही फिरली, आणि लवकरच मोडीत निघणाऱ्या जातीतल्या एकट्या इंजिनाच्या दोषाचा छडा लावण्याची खात्याला निकड उरली नाही. १९६२ साली, म्हणजे अवघ्या आठ वर्षांच्या नोकरीनंतर, त्याला बडतर्फ करण्यात आले. उमेद खचण्याची या कथेतली पहिली घटना ही अशी एका बलाढ्य सरकारी खात्याच्या दप्तरात घडलेली आहे, आणि ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण अपयश आले म्हणून हे इंजिन सोडून दिले गेले हे जितके खरे, तितकेच, अपयशाचे कारण जाणून घेण्याची इच्छा संपली म्हणून ते अपयश कायम झाले, हेही खरे.

पुढे जे झाले ते याहूनही विपरीत. हे एकमेव इंजिन राष्ट्रीय संग्रहासाठी जतन करावे, असा विचार प्रथम झाला होता. पण त्यातल्या झडपांच्या रचनेपुरतेच कुतूहल बाळगावे असे नंतर ठरले आणि त्याचा बाहेरच्या बाजूचा एक सिलिंडर लंडनच्या विज्ञान संग्रहालयात मांडण्यासाठी कापून काढण्यात आला. तोल राहावा म्हणून दुसऱ्या बाजूचाही काढला गेला. अशा रीतीने दोन्ही बाहू तोडलेले ते धूड दक्षिण वेल्समधील बॅरी या बंदराच्या गावी, डाय वुडम यांच्या भंगारखान्यात येऊन पडले.

बॅरीच्या या भंगारखान्याने इंजिनांच्या इतिहासात अजाणता जे पुण्य जोडले, त्याला तोड नाही. वुडम यांनी बाद इंजिने विकत घेतली तशा मालगाड्यांच्या बाद वाघिणीही हजारांनी घेतल्या होत्या. वाघिणी कापणे सोपे आणि झटपट पैसा देणारे, म्हणून ते काम आधी हाती घेतले गेले आणि इंजिनांचे अवघड काम पुढे ढकलले गेले. या दिरंगाईचा परिणाम असा झाला की ब्रिटिश रेल्वेने १९६८ च्या ऑगस्टात वाफेला अखेरचा निरोप दिल्यानंतरही बॅरीच्या रुळांवर इंजिनांच्या रांगा गंजत उभ्या होत्या, आणि तेथे आलेल्या २९७ इंजिनांपैकी २१३ इंजिने हौशी लोकांनी एकामागून एक सोडवून नेली. खारे वारे पत्रे खात होते आणि तांब्यापितळेचे भाग नाहीसे होत होते. त्यामुळे ज्याचे बहुतेक अवयव जागेवर आहेत असे इंजिन निवडणे, हाच घेणाऱ्यांचा शहाणपणाचा मार्ग होता. या हिशेबात ७१००० च्या नावावर दोन सिलिंडर, त्यांच्या झडपा आणि त्या फिरवणारी यंत्रणा एवढ्या मोठ्या उणिवा होत्या. शिवाय त्याच्या जातीचे दुसरे इंजिनच नसल्यामुळे कोणत्या भावंडाचा सुटा भाग त्याला जुळेल, हा विचारही संभवत नव्हता. हे काम होणे नाही, असे जाणकारांनी म्हणावे यात नवल नव्हते.

असे असताही १९७४ साली ‘ड्यूक ऑफ ग्लॉस्टर’च्या नावानेच स्थापन झालेल्या एका हौशी न्यासाने ते विकत घेतले आणि लफबरो येथे, ग्रेट सेंट्रल रेल्वे या स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या मार्गावर, आणून ठेवले. त्यानंतर ते वाफेवर उभे राहीपर्यंत बारा-तेरा वर्षे लोटली.

अशा दीर्घ कामाचा आरंभ आणि शेवट या दोन टोकांचीच वर्णने लोक करतात. परंतु त्याचा खरा कस लागतो तो मधल्या वर्षांत. प्रारंभी उत्साह उसना आणावा लागत नाही. गंजलेले नट तोडावे, नळ्या उपसाव्या, चाके चौकटीखालून बाहेर काढावी, या विध्वंसक कामाला गती असते आणि संध्याकाळी घरी जाताना दिवसभरात काय झाले ते डोळ्यांना दिसते. मग एके दिवशी उघडण्याजोगे काही उरत नाही आणि भोवती पडलेल्या सुट्या भागांच्या राशीतून पुन्हा वस्तू उभी करायची असते. येथून पुढे श्रम अदृश्य होतात. बॉयलरच्या पत्र्याचा गंज खरवडून त्याची जाडी मोजण्यात, एका ओतीव भागाचा लाकडी साचा घडवण्यात, ओतकाम करणाऱ्या कारखान्याच्या उत्तराची वाट पाहण्यात आठवडे आणि महिने जातात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला इंजिन गतवर्षी होते तेथेच दिसते. त्यातच भर म्हणजे, काम जसजसे पुढे सरकते तसतसा त्याचा अंदाज वाढत जातो. जो भाग सुस्थितीत आहे म्हणून जमेस धरला होता तो उघडल्यावर झिजलेला निघतो, आणि चालणाऱ्याबरोबर क्षितिजही मागे हटत राहते. हातात पाना धरण्यासाठी आलेल्या माणसाला वर्गणीची पत्रे लिहिण्यात आणि जमाखर्च मांडण्यात आपला शनिवार घालवावा लागतो. आणि या बारा-तेरा वर्षांत माणसांचेही आयुष्य थांबलेले नसते. विवाह होतात, नोकऱ्या बदलतात, मुले मोठी होतात, प्रकृती साथ देईनाशा होतात. म्हणून जीर्णोद्धाराला घेतलेल्या कितीतरी गाड्या, मग त्या मोटारी असोत वा इंजिने, मधल्या वर्षांतच ताडपत्रीखाली झाकल्या जातात, आणि त्या झाकणाऱ्यांना आळशी म्हणणे हा केवळ अन्याय होय.

या अवस्थेतून बाहेर काढण्याची शक्ती उपदेशात नसते. ती असते नित्याच्या हजेरीत, आणि त्याहून अधिक, मोठ्या कामाच्या पोटात लहान लहान कामांना त्यांचा स्वतःचा शेवट देण्यात. इंजिन पुरे होणे हे दहा वर्षांपलीकडचे फळ आहे. परंतु एक बेअरिंग ओतून, घासून, आसावर चोख बसले, तर ते काम त्या दिवशी निर्विवाद पुरे झालेले असते. ड्यूकच्या बाबतीत बाहेरचे दोन्ही सिलिंडर नव्याने ओतून घ्यावे लागले आणि काप्रोत्ती यंत्रणेचे बारीकसारीक भाग नव्याने घडवावे लागले. संग्रहालयाने काढून नेलेला अवयव नव्या लोखंडातून पुन्हा जागेवर बसतो, तेव्हा ‘हे होणे नाही’ या वाक्यातला सर्वांत भक्कम आधारच निखळून पडतो, आणि उरलेल्या गोष्टी कितीही कष्टाच्या असल्या तरी शक्यतेच्या कक्षेत येतात.

परंतु या जीर्णोद्धाराला जे अलौकिकत्व आले, ते आणखी एका शोधामुळे. पुनर्बांधणी करताना इंजिनाचे भाग मूळ आराखड्यांशी ताडून पाहिले जात होते. त्या तपासणीत असे आढळले की भट्टीखालच्या राखपेटीला हवा आत घेण्यासाठी ज्या झडपा होत्या, त्या आराखड्याबरहुकूम बांधल्याच गेल्या नव्हत्या. त्यांची तोंडे लहान होती. ज्या चुलीच्या तोंडाशी राख साचून वारा कोंडला आहे, तिच्यात सरपण कितीही सारले तरी ती धुमसतच राहावी, तशी या भट्टीची आठ वर्षे गत झाली होती. धुराडेही अशा ताकदीच्या इंजिनाच्या मानाने अपुरे होते. इंजिनातली वापरलेली वाफ धुराड्यातून जोराने बाहेर पडताना धूरपेटीत जी पोकळी निर्माण करते, तिच्यामुळेच भट्टीतून हवा ओढली जाते. धुराडे आणि त्याखालचा नळ यांचे प्रमाण चुकले की ही ओढ मंदावते, आणि नेमकी जेव्हा सर्वाधिक वाफ हवी असते तेव्हाच आग दगा देते. खालून हवेचा प्रवेश अडलेला आणि वरून तिची ओढ कमी, अशा दुहेरी कोंडीत सापडलेला तो बॉयलर वाफ देत नव्हता, यात त्याचा काय अपराध?

एका यंत्राविरुद्ध खात्याने दिलेला निकाल पुरी कैफियत न ऐकता दिला गेला होता, हे त्याच यंत्राच्या अंगावरून येथे सिद्ध झाले. या क्षणी कामाचे स्वरूपच पालटते. जुनी वस्तू होती तशी परत उभी करणे, एवढेच जोवर उद्दिष्ट असते तोवर कष्टांचा मोबदला शेवटी, एकदाच, मिळायचा असतो. पण वस्तू स्वतःविषयी नवे काही सांगू लागली, तिच्या दुर्लौकिकाचे कारण तिच्या बांधणीत दडलेले हाती आले, म्हणजे प्रत्येक उघडलेला सांधा हा पुरावा होतो आणि हातोडी धरणारा माणूस मजूर न राहता शोधक होतो. खचलेली उमेद परत आणण्याचे सामर्थ्य जिज्ञासेइतके दुसऱ्या कशातही नाही, अशी माझी धारणा आहे. खात्याने जी जिज्ञासा १९५५ नंतर सोडून दिली, ती या बिनपगारी माणसांनी उचलली, आणि साधने तुटपुंजी असूनही जे साधनसंपन्न खात्याला उलगडले नाही ते त्यांना उलगडले.

१९८६ साली इंजिन पुन्हा वाफेवर चालू लागले. रॉबर्ट रिडल्स यांना ते पाहण्याचे भाग्य लाभले नाही. १९८३ च्या जूनमध्येच त्यांचे निधन झाले होते. १९९० साली ड्यूक मुख्य लोहमार्गावर उतरला, आणि पुढे त्याला किलचॅप पद्धतीची निर्गमन-व्यवस्थाही बसवण्यात आली. फिनलंडचा कीलाला आणि फ्रान्सचा शापलाँ यांच्या नावांनी ओळखली जाणारी ही व्यवस्था १९३८ साली ताशी १२६ मैलांचा विक्रम करणाऱ्या ‘मॅलर्ड’ इंजिनावर होती, आणि ड्यूकसाठीही ती आरंभीच सुचवली गेली होती. मग ज्याला वाफ पुरत नाही म्हणून हिणवले गेले, तेच इंजिन वायव्य इंग्लंडमधला शॅपचा ७५ फुटांस एक फूट असा चढ जड गाडी घेऊन दिमाखाने चढू लागले आणि ब्रिटनमधल्या जतन केलेल्या सर्वांत समर्थ इंजिनांत त्याची गणना होऊ लागली. रिडल्स यांचा आराखडा मुळात खोटा नव्हता, ही साक्ष त्यांच्या पश्चात त्या चढाने दिली.

येथे ही हकीकत संपली असे मानले तर जीर्णोद्धाराचा स्वभाव आपल्याला नीट कळला नाही, असेच म्हणावे लागेल. बॉयलरला मिळणारा परवाना साधारणतः दहा वर्षांपुरता असतो. ती मुदत भरली की इंजिन पुन्हा उघडावे लागते, नळ्या पुन्हा उपसाव्या लागतात, वर्गणीची पत्रे पुन्हा लिहावी लागतात. ड्यूकच्याही वाट्याला नव्या शतकात टाइझ्लीच्या कारखान्यात असे दीर्घ काम आलेच. यंत्र जिवंत ठेवू पाहणाऱ्यांना उमेद एकदाच कमावून भागत नाही. पिढी बदलली की नव्या हातांना ती नव्याने कमवावी लागते. मात्र पहिल्या पिढीने त्यांच्यासाठी एक गोष्ट करून ठेवली आहे. गंजाच्या राशीपुढे उभ्या राहिलेल्या नवख्या माणसाला आता नुसत्या धीराच्या शब्दांवर विसंबावे लागत नाही. मोजमापे, नवे आराखडे आणि कारणांसहित लिहिलेला दोषांचा तपशील त्याच्या हाती असतो, आणि ज्याच्या हाती कारणे आहेत, त्याला उद्या सकाळी कोणत्या कामाला लागावे हे ठाऊक असते.