पोटातला अल्सर : पथ्य घरचं, औषध डॉक्टरांचं



सकाळी कोरा चहा घ्यायचा, तंबाखूची चिमूट दाढेला धरायची आणि दुपारपर्यंत उपाशीपोटी राबायचं. मग बेंबीच्या वर आग पडते, रात्री कळ येऊन झोपमोड होते. ‘पित्त झालं’ म्हणून आपण खायचा सोडा घेतो. पण असं वरचेवर होत असेल, तर जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला जखम, म्हणजे अल्सर असू शकतो.

तिखटानं आग वाढते, पण अल्सरची मुख्य कारणं दोन : हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचे जंतू आणि अंगदुखीच्या गोळ्या. हे जंतू १९८२ साली ऑस्ट्रेलियात मार्शल आणि वॉरन यांनी शोधले.

घरी काय करावं? भाकरी खाऊनच शेतावर निघा. थोडं थोडं, वेळेवर खा. मुगाची खिचडी, मऊ भात, शिजवलेला दुधी सहसा सोसतो. जे खाल्ल्यानं त्रास होतो, ते टाळा. दुधानं घटकाभर बरं वाटतं, पण पुढं आम्ल वाढतं. तंबाखू, विडी, दारू सोडा. विडीनं जखम भरायला वेळ लागतो. अंगदुखीची गोळी मनानं घेऊ नका.

पथ्यानं आराम पडतो, जंतू मात्र मरत नाहीत. तपासणीत जंतू आढळले, तर डॉक्टर बहुधा १४ दिवसांची औषधं देतात. बरं वाटलं तरी ती पुरी करा.

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी किंवा एकाएकी असह्य कळ येऊन पोट कडक झालं, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. लगेच दवाखाना गाठा!