जुन्या पेटीतला वैमानिक

घरातले वडीलधारे माणूस अल्लाहला प्यारे झाले की काही दिवसांनी त्याची पेटी उघडली जाते. कपडे गरजूंना जातात, जमिनीचे कागद भावाभावांत वाटले जातात, दागिने लेकी-सुनांकडे जातात. तळाशी मग काही वस्तू उरतात. रंग उडालेली फीत, सहा टोकांचा पिवळट धातूचा तारा, जाड पुठ्ठ्याची लांबट वही, गणवेशातला एक फोटो. वाटणीत या वस्तू कोणालाच नको असतात. "युद्धात होते म्हणे," एवढे एक वाक्य त्यांच्याबरोबर राहते आणि पुढच्या पिढीत तेही पुसट होते.

दुसऱ्या महायुद्धात भारतातून लाखो माणसे सैन्यात, नौदलात आणि व्यापारी जहाजांवर गेली. हवाई दलात गेलेले त्या मानाने थोडे आणि लढाऊ विमान चालवणारे तर अगदी मोजके. पण मागे सर्वांत नेटका पुरावा ठेवून गेले ते हेच. वैमानिकाला आपल्या प्रत्येक उड्डाणाची नोंद स्वतःच्या हाताने करावी लागे. त्यामुळे त्याच्या पेटीतल्या वस्तू नीट लावल्या तर त्याची सेवा जवळजवळ तारीखवार उभी करता येते. ती कशी, हे आम्ही येथे सांगत आहोत.

उदाहरण म्हणून आम्ही एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ यांचे आयुष्य घेतले आहे. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला ते राज्यपाल म्हणून आठवतील. 1982 ते 1985 या काळात ते मुंबईच्या राजभवनात होते. त्याआधी, 1978 ते 1981, ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते. त्याही आधी, विशीतले असताना, ते महायुद्धातले वैमानिक होते. त्यांच्या आयुष्यातले टप्पे प्रसिद्ध आहेत. त्यामुळे आपल्याला उलट दिशेने जाता येते. कोणती घटना कोणत्या वस्तूवर आपली खूण सोडते, हे एकदा कळले की आपल्या घरातली अनोळखी पेटीही वाचता येते.

पहिली वस्तू : फोटो

लतीफ यांचा जन्म 9 जून 1923 रोजी हैदराबादला झाला. वयाच्या अठराव्या वर्षी ते हवाई दलात आले. अंबाल्याला प्रशिक्षण झाले आणि कराचीच्या किनारा संरक्षण तुकडीत नेमणूक झाली. तेथे वापिती, ऑडॅक्स, हार्ट अशी जुनी विमाने होती. एकावर एक असे पंखांचे दोन मजले आणि वर उघडी बैठक. या विमानांतून अरबी समुद्रावर पाणबुड्यांचा शोध घेतला जाई.

म्हणून घरातल्या फोटोत तरुण दादाजान दुहेरी पंखांच्या विमानाजवळ, चामड्याची टोपी घालून उभे असतील, तर तो फोटो बहुधा प्रशिक्षणाच्या किंवा युद्धाच्या सुरुवातीच्या काळातला. एकेरी पंखाचे, टोकदार नाकाचे हरिकेन किंवा स्पिटफायर मागे असेल तर काळ पुढचा. फोटोतला चेहरा आपण ओळखतोच. काळ ओळखायचा असेल तर चेहऱ्याच्या मागे पाहावे.

विमानावरचे गोल चिन्ह तर तारखेच्या शिक्क्यासारखे काम करते. ब्रिटिश चिन्हात मधोमध लाल ठिपका असे. जपानी विमानांवरही लाल गोळा होता. घाईत आपलेच लोक आपल्याच विमानावर गोळ्या झाडतील, या भीतीने ब्रह्मदेशच्या आघाडीवर लाल रंग काढून टाकण्यात आला आणि गडद व फिकट निळ्या रंगाचे चिन्ह आले. स्वातंत्र्यानंतर काही काळ त्या जागी अशोकचक्र होते, मग आजचे तिरंगी वर्तुळ आले. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग दिसत नाहीत, पण दोन छटांचे वर्तुळ आणि आऱ्यांचे चक्र यातला फरक सहज कळतो.

फोटोच्या पाठीमागे काही लिहिले आहे का, हे जरूर पाहावे. अनेकदा गावाचे नाव, स्टुडिओचा शिक्का किंवा मित्रांची नावे तेथेच सापडतात. आल्बममध्ये चिकटलेला फोटो मात्र ओढून काढू नये.

दुसरी वस्तू : लॉगबुक

पेटीत लॉगबुक असेल तर तेच सर्वांत मोलाचे. वैमानिकाची ही वही ठरलेल्या रकान्यांची असते. तारीख, विमानाचा प्रकार, विमानाचा क्रमांक, चालवणारा कोण, सोबत कोण, काम कोणते आणि उड्डाण किती वेळाचे. महिनाअखेरीस बेरीज होई आणि वरिष्ठ अधिकारी तपासून सही करत. सहीखाली तुकडीचे नाव असते. नुसत्या या सह्या क्रमाने उतरवून काढल्या तरी माणूस कोणत्या महिन्यात कोणत्या स्क्वाड्रनमध्ये होता याची यादी तयार होते.

लाल शाईची नोंद दिसली की थांबावे. रात्रीचे उड्डाण किंवा प्रत्यक्ष मोहीम वेगळ्या शाईने लिहिण्याची पद्धत होती. वहीत अधूनमधून वैमानिकाच्या कौशल्यावर शेराही असतो. सरासरी, सरासरीहून वरचा, असाधारण. आपल्या आजोबांना वयाच्या बाविसाव्या वर्षी मिळालेले हे गुणपत्रक वाचताना नातवंडांना मजा वाटेल.

लतीफ 1943-44 मध्ये ब्रिटनला गेले. तेथे पाठवलेल्या थोड्या भारतीय वैमानिकांपैकी ते एक होते. तेथे त्यांनी हरिकेन आणि स्पिटफायर चालवण्याचे शिक्षण घेतले आणि 1944 मध्ये परतून ब्रह्मदेशच्या मोहिमेत हरिकेन चालवले. असा प्रवास लॉगबुकात फार साधेपणाने दिसतो. विमानाच्या रकान्यातले नाव बदलते, गावांची नावे इंग्लंडची होतात आणि काही महिन्यांनी तीच लेखणी पुन्हा पूर्वेकडची नावे लिहू लागते.

येथे एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. घराघरांत "आमच्या दादांनी जपान्यांची इतकी विमाने पाडली" अशा कथा असतात. भारतीय हवाई दलाच्या हरिकेन तुकड्यांचे ब्रह्मदेशातले मुख्य काम वेगळे होते. जंगलावरून खाली उडून शत्रूच्या हालचाली टिपणे, फोटो घेणे, रस्ते, पूल आणि होड्यांवर मारा करणे. लॉगबुकात अशा टेहळणीला "टॅक आर" असे आखूड नाव आढळते. झाडांच्या शेंड्यांलगत, जमिनीवरच्या बंदुकांच्या टप्प्यात, पावसाळी ढगांत हे काम चाले. ते कमी धोक्याचे नव्हते. वहीत विमाने पाडल्याची नोंद नसेल तर दादाजान लहान होत नाहीत, कथा तेवढी बदलते. मरहूम माणसाबद्दल खरी गवाही द्यायची असेल तर त्याने स्वतः जे लिहिले त्यापेक्षा जास्त आपण बोलू नये.

तिसरी वस्तू : पदके आणि कापडाचे तुकडे

पदकांवरून माणूस कोठे होता याचा अंदाज येतो. 1939-45 च्या ताऱ्याच्या फितीवर गडद निळा, लाल आणि फिकट निळा असे तीन सारखे पट्टे असतात. ते नौदल, भूदल आणि हवाई दलाचे रंग. बर्मा स्टारची फीत गडद निळी, मधोमध रुंद लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंच्या निळ्यात एकेक केशरी रेघ. हा तारा 11 डिसेंबर 1941 ते 2 सप्टेंबर 1945 या काळातल्या ब्रह्मदेश आघाडीवरच्या सेवेसाठी होता. ठरावीक काळातल्या बंगाल-आसाममधल्या सेवेसाठीही तो मिळे. त्यामुळे तो तारा आहे म्हणजे माणूस रंगूनपर्यंत गेलाच, असे म्हणता येत नाही. भारताचा नकाशा कोरलेले इंडिया सर्व्हिस मेडल देशातल्या तीन वर्षांच्या सेवेसाठी होते.

पांढऱ्या आणि जांभळ्या तिरक्या रेघांची फीत दिसली तर मात्र वेगळी चौकशी करावी. ती डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉसची, म्हणजे शौर्याची असते. शौर्यपदकांची घोषणा सरकारी राजपत्रात होत असे, म्हणून तिची छापील नोंद शोधता येते.

कधी कधी पेटीत रेशमी रुमालासारखा एक तुकडा निघतो. उलगडला तर त्यावर नद्या आणि डोंगर! शत्रूच्या मुलखात विमान पडले तर वाट सापडावी म्हणून वैमानिकांना रेशमावर छापलेले नकाशे दिले जात. कागदासारखे ते फाटत नाहीत, भिजून लगदा होत नाहीत आणि घडी उलगडताना आवाज करत नाहीत. त्याच्याच सोबत अनेक भाषांत लिहिलेली एक चिठ्ठी असे. या माणसाला मदत करा, बक्षीस मिळेल, असा तिचा मजकूर. युद्धानंतर असे नकाशे कित्येक घरांत साधे कापड म्हणून वापरले गेले.

जी गोष्ट पदकावर नसते

1946 मध्ये लंडनला विजय संचलन झाले. त्यातल्या भारतीय पथकात लतीफ होते. पुढच्या वर्षी देशाची फाळणी झाली आणि हवाई दलाचीही. विमाने, तळ, हत्यारे यांच्याबरोबर माणसांनाही विचारले गेले, कोणीकडे? लतीफ यांच्यासोबत सेवेत असलेले असगर खान आणि नूर खान पाकिस्तानात गेले. पुढे दोघेही तिथल्या हवाई दलाचे प्रमुख झाले. त्यांनी लतीफ यांनाही बोलावले. लतीफ यांनी नकार दिला. धर्म आणि देश या त्यांच्या लेखी वेगळ्या गोष्टी होत्या. ते चोवीस वर्षांचे होते.

या निर्णयाची फीत नाही, तारा नाही. तरीही अशा माणसाच्या कागदांत तो दिसतो. ऑगस्ट 1947 च्या आधी महिनाअखेरची सही असते आणि नंतरही असते. सह्या करणाऱ्यांची काही नावे बदलतात, काही जुने सोबती पुन्हा कधीच येत नाहीत, पण वही पुढे चालू राहते. 1945 मध्ये हवाई दलाच्या नावाआधी 'रॉयल' लागले होते. 26 जानेवारी 1950 ला ते गेले, बिल्ल्यांवरचा मुकुट गेला आणि त्या जागी अशोकस्तंभ आला. एकाच पेटीत मुकुटाचा बिल्ला आणि अशोकस्तंभाचा बिल्ला सापडले, तर त्या दोन बिल्ल्यांच्या मध्ये एका माणसाने घेतलेला निर्णय आहे, हे घरातल्या मुलांना सांगायला हवे.

अशा वस्तू सांभाळायच्या त्या मोठेपणासाठी नव्हे. तुमच्या घरातले कोण होते, कोठे होते, असा प्रश्न कधी शाळेत, कधी नोकरीत, कधी शेजारीपाजारी मुलांपुढे येतो. तेव्हा रागाने किंवा ऐकीव गोष्टीने उत्तर देण्यापेक्षा तारखेनिशी उत्तर देणे चांगले. ती तारीख पेटीत असते.

आता करायचे काय

सर्वप्रथम काहीही वेगळे करू नये. पदके, वही, फोटो, पत्रे एकत्र असतात तोवर ती एकमेकांची साक्ष देतात. जुन्या बाजारात सुटे विकलेले पदक म्हणजे नुसता धातू. पदकांना चिंच किंवा राख लावून घासू नये. झीज झाली की अक्षरे जातात. वहीला प्लास्टिकचे आवरण चिकटवू नये. प्रत्येक पानाचा मोबाइलवर उजेडात फोटो काढावा आणि तो दोन-तीन घरांत ठेवावा.

मग एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखावेत. तारीख, ठिकाण, पुरावा. तिसऱ्या रकान्यात 'लॉगबुक', 'फोटोची पाठ', 'आजीने सांगितले' असे खरे तेच लिहावे. आजीने सांगितलेलेही मोलाचे आहे, पण ते आजीच्याच नावावर राहू द्यावे. घरात त्या काळचे कोणी हयात असेल तर नुसते प्रश्न विचारू नयेत. वस्तू हातात द्यावी, आठवणी आपोआप येतात.

रकान्यांत स्क्वाड्रन आणि महिना आला की बाहेरचा शोध सोपा होतो. प्रत्येक स्क्वाड्रन आपल्या रोजच्या कामाची वही ठेवत असे. ब्रिटिश हवाई दलाच्या अशा वह्या लंडनमध्ये क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. दिल्लीत संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग आहे आणि युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनमध्ये सैन्यदलांच्या इतिहासाचे संशोधन चालते. युद्धात मृत्यू आला असेल तर राष्ट्रकुल युद्ध कबर आयोगाच्या यादीत नाव शोधता येते. पुण्याजवळ खडकीला या आयोगाची दफनभूमी आहे. आणि दिल्लीला जाणे झालेच तर पालमच्या हवाई दल संग्रहालयात मुलांना न्यावे. तेथे वापिती, हरिकेन, स्पिटफायर आणि टेम्पेस्ट समोर उभी आहेत. वहीतले नाव आणि डोळ्यांपुढचे विमान जुळले की मुले ते विसरत नाहीत.

हीच रीत जहाजावरच्या नोकरीच्या पुस्तिकेला, फौजेतल्या पगारपत्रकाला आणि रेल्वेच्या पासालाही लागू पडते. लतीफ यांचा इंतेकाल 30 एप्रिल 2018 रोजी हैदराबादला झाला. त्या युद्धात उडालेली पिढी आता जवळजवळ संपली आहे. त्यांच्या पेट्या मात्र अजून माळ्यांवर आहेत. पावसाळ्याआधी माळा साफ करायला काढाल, तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी तळापर्यंत पाहून घ्या. ती अमानत आहे.