मायक्रोवेव्ह : भीती कशाची, काळजी कशाची?

मैत्रिणींनो, मायक्रोवेव्ह घरी आला की पहिला प्रश्न ठरलेला, "यातल्या किरणांनी अन्न बिघडत नाही ना?" नाही हो! या लहरींमुळे मुख्यतः अन्नातल्या पाण्याचे कण हलतात आणि अन्न तापतं. ओव्हन बंद झाला की लहरीही संपतात, अन्नात उरत नाहीत. मात्र दार नीट बसत नसेल, तर दुरुस्त होईपर्यंत तो वापरू नका.

खरी काळजी घ्यायची ती उष्णतेची. ती सगळीकडे सारखी पोचत नाही. बाळाची बाटली हाताला कोमट लागते, पण आतलं दूध तोंड भाजेल इतकं तापलेलं असू शकतं. म्हणून बाळाचं दूध यात नकोच. बाटली गरम पाण्यात ठेवा. उरलेली भाजी मध्येच ढवळून चांगली वाफाळेपर्यंत तापवा.

कवचासकट अंडं फुटतं, तेव्हा ते ठेवूच नका. अख्खा बटाटा काट्याने टोचून घ्या. स्टीलचा डबा, सोनेरी काठाची बशी यांनी ठिणग्या उडतात. झाकण सैल ठेवा आणि उघडताना चेहरा लांब ठेवा.

शाळेतून येऊन स्वतः जेवण गरम करणाऱ्या मुलांनाही हे आवर्जून सांगा, बरं का!