हरपलेलें हास्य व शस्त्रवैद्यक

चूळ भरतां पाणी एका बाजूनें गळूं लागतें, तोंड एकीकडे ओढलें जातें आणि दुसरीकडचा डोळा कांहीं केल्या मिटत नाहीं. या विकारास आपले वैद्य अर्दित म्हणत आले. घरांतील वडील मंडळी ‘वारें लागलें’ म्हणतात. चेहऱ्याच्या मज्जातंतूचें कार्य सर चार्ल्स बेल यांनीं १८२१ सालीं विशद केलें, म्हणून त्याच्या नेहमीं आढळणाऱ्या प्रकारास बेलचा पक्षाघात हें नांव पडलें.

या प्रकारांतील शेंकडा सुमारें ७० रोगी आपोआप पूर्ण बरे होतात. पहिल्या ७२ तासांत स्टेरॉईड मिळाल्यास हें प्रमाण आणखी वाढतें. सबब येथें शस्त्रक्रियेची घाई नको. मात्र जोडीला हात लुळा पडला किंवा वाचा अडखळूं लागली, तर तो मेंदूचा विकार समजून तत्काळ इस्पितळ गांठावें.

परंतु अपघातांत अगर गांठ काढतांना मज्जातंतु तुटला असेल, तर वाट पाहणें घातक होय. आज्ञा न मिळालेला स्नायु कृश होत जातो, आणि दीड-दोन वर्षांनंतर त्यास जागें करणें बहुधा अशक्य होतें. तत्पूर्वीं तुटलेलीं टोकें शिवतां येतात. मध्यें अंतर असल्यास पोटरींतील मज्जातंतूचा तुकडा जोडतात. नवे तंतु दिवसाला सुमारें एक मिलिमीटर वाढतात, म्हणून फळ दिसावयास कित्येक महिने लागतात.

मूळच नष्ट झालें असेल तर शेजाऱ्याकडून उसनें घ्यावें लागतें. १८९५ सालीं सर चार्ल्स बॅलन्स यांनीं खांदा हलविणारा मज्जातंतु चेहऱ्याच्या मज्जातंतूस जोडला. पण मग खांद्याबरोबर चेहराहि हलूं लागला! पुढें जिभेचा, व आतां चावण्याच्या स्नायूचा मज्जातंतु योजिला जातो.

काळ उलटून गेल्यावर स्नायुच नवा आणावा लागतो. कानशिलावरील स्नायूचें टोक ओठाच्या कोपऱ्यास बांधणें ही एक रीत. दुसरी रीत जपानांतील कियोनोरी हारी व त्यांचे सहकारी यांनीं १९७६ सालीं प्रसिद्ध केली : मांडीच्या आंतील एक सडपातळ स्नायु रक्तवाहिन्या व मज्जातंतु यांसह सूक्ष्मदर्शकाखालीं गालांत बसविणें. त्यास चावण्याच्या मज्जातंतूची जोड दिल्यास एका शस्त्रक्रियेंत काम होतें, पण हंसण्यासाठीं दांत आवळावे लागतात व आरशासमोर अभ्यास करावा लागतो. निरोगी बाजूची जोड हवी असल्यास आधीं मज्जातंतूचा पूल बांधून नऊ ते बारा महिन्यांनीं स्नायु बसवितात. विलंब व अनिश्चितता अधिक खरी. परंतु विनोद ऐकतांच दोन्ही गाल आपसूक हलावे, ही आशा यांतच अधिक असते.

या सर्वांहून डोळ्याची निगा प्रथम. न मिटणारा डोळा कोरडा पडून दृष्टि जाऊं शकते. औषधाचे थेंब व रात्रीं पापणी मिटवून लावलेली पट्टी हे प्राथमिक उपाय. पुढें वरच्या पापणींत सोन्याचें लहानसें वजन बसविल्यास ती आपल्या भारानें मिटते.

यांतील कोणताहि उपाय पूर्वींचा चेहरा जसाच्या तसा परत देत नाहीं, हें रोग्यास आधींच सांगावें. तथापि ज्याचें हास्य हरपलें त्यास लोक गर्विष्ठ अगर रुष्ट समजतात, आणि तो हळूहळू समारंभ टाळूं लागतो. अशा माणसास ओळखीच्या हास्याची परतफेड करतां येणें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. म्हणून आमचें वाचकांस सांगणें एवढेंच, कीं घरांत असा रोगी असल्यास ‘आतां जन्माचेंच आहे’ म्हणून त्यास कोपऱ्यांत बसूं देऊं नये. तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, आणि तो वेळेवर घ्यावा.