खिडकी बदलावी की ऊन अडवावे?

उन्हाळा सुरू झाला की दवाखान्यात डोकेदुखी, चिडचिड आणि अपुऱ्या झोपेच्या तक्रारी वाढतात. गेल्या उन्हाळ्यात चाकणच्या एका कारखान्यात तिसऱ्या पाळीला जाणारे गृहस्थ माझ्याकडे आले. सकाळी घरी येऊन ते झोपत, पण दुपारी दोननंतर पश्चिमेची खोली तापे आणि झोप मोडे. रक्तदाबही वाढला होता. त्यांनी खिशातून एक कागद काढला. चार खिडक्यांना दुहेरी काचा बसवण्याचा खर्च ६०,००० रुपये! "डॉक्टर, विजेचे बिल वाचेल म्हणतात. करून टाकू का?"

मी म्हटले, आधी हिशेब मांडू. त्यांचा एसी तासाला सव्वा युनिट घेतो असे धरा. रोज सहा तास, ७५ दिवस चालला, तर सुमारे ५६० युनिट होतात. युनिटला १० रुपये धरले तर ५,६०० रुपये. नव्या काचांनी त्यातला पाचवा हिस्सा वाचला, तरी वर्षाला ११२० रुपये. म्हणजे खर्च वसूल व्हायला पन्नासहून अधिक वर्षे!

असे का होते? दुहेरी काच थंड देशांत फार उपयोगी पडते. तिथे बाहेर बर्फ आणि आत ऊब असा मोठा फरक महिनोन् महिने असतो. आपल्याकडे खरा शत्रू आहे तो काचेतून थेट आत येणारे ऊन. साधी काच दुहेरी केली तरी बरेचसे ऊन आत येतेच. आतला पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. म्हणून ऊन काचेच्या बाहेरच अडवावे. सज्जा, बांबूची चिक किंवा वाळ्याचा पडदा हे उपाय स्वस्त आणि गुणकारी आहेत. घर वरच्या मजल्यावर असेल तर आधी गच्चीला पांढरा रंग द्यावा. एसी २४ अंशांच्या खाली नेऊ नये.

मात्र घर महामार्गाला किंवा पुणे-नाशिक रस्त्याला लागून असेल आणि वाहनांच्या आवाजाने झोप होत नसेल, तर घट्ट बसणारी दुहेरी काच जरूर विचारात घ्यावी. तो खर्च झोपेसाठी आहे, बिलासाठी नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे. खिडकी कुजली असेल आणि बदलायचीच असेल, तर पूर्ण उघडणारी घ्यावी. सरकत्या खिडकीचा साधारण निम्माच भाग उघडतो. रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की घर निवते. डासांसाठी जाळी हवीच.

आता सर्वांत महत्त्वाचे. घर हवाबंद करण्याच्या नादात न्हाणीघराची झडप बुजवू नका. तिथे गॅसचा गीझर असेल तर कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस बेशुद्ध पडतो आणि जिवावर बेतते. असा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा. क्षयाचा रुग्ण असलेल्या घरातही वारा खेळता असणे अत्यंत आवश्यक आहे.

त्या गृहस्थांनी पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिक आणि आतून जाड पडदा लावला. रक्तदाबाची गोळी चालूच आहे, पण आता ते चार वाजेपर्यंत झोपतात. साठ हजारांचा कागद अजून खिशातच आहे!