नऊ ठिपके आणि ठाण्याची खाडी

कागदावर तीन ओळींत नऊ ठिपके काढायचे आणि पेन न उचलता चार सरळ रेषांत सगळे जोडायचे. मानसशास्त्रज्ञांच्या या जुन्या कोड्यात भलेभले अडकतात. रेषा ठिपक्यांच्या चौकोनाबाहेर न्यायला कुणी मनाई केलेली नसते, तरी हात आतच घुटमळतो.

1964 साली मुंबई महापालिकेच्या विकास आराखड्याचा मसुदा आला, तेव्हा शहराचंही असंच झालं होतं. कचेऱ्या दक्षिण टोकाला, माणसं उत्तरेला, मधे खच्चून भरलेल्या लोकल. वाढ व्हायची ती याच उभ्या पट्टीत. 1965 मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकात नकाशा आडवा वाचून दाखवला: खाडीपलीकडे, पूर्वेला, जागाच जागा आहे.

प्रश्नाची मांडणी बदलली की उत्तर दिसतं, हे मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोलर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात तेनेरिफ बेटावर चिंपांझींच्या बाबतीत टिपलं होतं. सुलतान नावाच्या चिंपांझीने दोन काठ्या एकमेकींत खोवून लांबची केळी ओढून घेतली. 1987 मध्ये जॅनेट मेटकाफ यांनी कोडी सोडवणाऱ्यांना दर काही सेकंदांनी विचारलं, उत्तर किती जवळ आलंय? बीजगणितात अंदाज हळूहळू वर चढत गेला, ‘अरेच्चा!’ म्हणायला लावणाऱ्या कोड्यांत तो शेवटच्या घडीपर्यंत जवळपास जागचा हलला नाही.

2004 मध्ये मार्क जंग-बीमन, जॉन कुनिओस आणि सहकाऱ्यांनी मेंदूतच डोकावून पाहिलं. शब्दकोडं असं अचानक सुटलं की त्याच्या सुमारे 0.3 सेकंद आधी मेंदूच्या उजव्या कानावरच्या भागात गॅमा लहरी उसळत. त्याच्याही आधी दृष्टीशी निगडित भागात अल्फा लहरी वाढत. जणू मेंदू बाहेरचं बघणं क्षणभर थांबवतो.

उत्तर अचानक उमगतं, पण त्याची जुळवाजुळव आधीपासून चाललेली असते. ठाण्याच्या खाडीवर रस्ता आणि रेल्वेचा पूल बांधावा, असं स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने 1961 मध्येच सुचवलं होतं. तुकडे टेबलावर होते, फक्त ते एका शहरात बसवायचे राहिले होते.

नऊ ठिपक्यांच्या कोड्याला एक शेपूटही आहे. 1981 मध्ये रॉबर्ट वाइसबर्ग आणि जोसेफ अल्बा यांनी लोकांना सरळ सांगून टाकलं, की चौकोनाबाहेर जा. तरीही बहुतेकांना कोडं सुटलं नाही. बाहेर कुठवर जायचं आणि कुठे वळायचं, हे शोधायचं उरतंच.

खाडीपलीकडे उभ्या राहिलेल्या नवी मुंबईचंही तेच. 17 मार्च 1970 रोजी ती वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, 1973 मध्ये वाशीचा पूल खुला झाला. पण मानखुर्दहून लोकल वाशीला पोचायला 1992 उजाडलं. ज्या 95 गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहायचं होतं, त्यांना मोबदल्यासाठी लढावं लागलं. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जानेवारी 1984 मध्ये उरण परिसरातल्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. सरकारी कचेऱ्या खाडी ओलांडतील, हा मूळ मांडणीचा कणा होता. बेलापूरला कोकण भवन झालं. मंत्रालय मात्र नरिमन पॉइंटलाच राहिलं.